पंचवीस अंशांवरचा उंचवटा

आज रायपूरहून बोलतोय, आणि विषय आहे एक आलेख. आलेख अगदी साधा आहे. आडव्या अक्षावर कोन, दहा अंशांपासून ऐंशी अंशांपर्यंत. उभ्या अक्षावर किरणांची तीव्रता. मध्ये दोनच गोष्टी दिसतात : पंचवीस अंशांच्या आसपास एक मोठा, गोलसर, पसरट उंचवटा आणि त्रेचाळीसच्या आसपास एक लहान. बाकी सगळी सपाट जमीन. आपल्या विद्यापीठांतल्या रसायनशास्त्राच्या आणि भौतिकशास्त्राच्या प्रबंधांत गेल्या पंधरा वर्षांत हा आलेख किती वेळा छापला गेला असेल याची मोजदाद करणं अवघड आहे. आणि त्याच्याखाली बहुतेक वेळा एक वाक्य असतं : पंचवीस अंशांवरच्या शिखरावरून ग्राफीन तयार झाल्याचं सिद्ध होतं.

माझं म्हणणं असं की तो उंचवटा याच्या जवळजवळ उलट गोष्ट सांगतो. आणि हे समजायला नवं काही शोधायची गरज नाही, शंभर वर्षांचा इतिहास वाचला तरी पुरे. त्या इतिहासाचा एक चांगला मोठा तुकडा आपल्याकडचा, कोलकात्याचा आहे, म्हणून तर हा भाग करावासा वाटला.

आधी थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, स्वयंपाकघरातच होईल. ग्राफाइट म्हणजे पापडांची चळत समजा. प्रत्येक पापड म्हणजे कार्बनच्या अणूंची षटकोनी जाळी, एका अणूइतकीच जाड. दोन पापडांमधलं अंतर ३.३५४ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. या चळतीवर क्ष-किरण पाडले की प्रत्येक थरावरून थोडे थोडे परततात. एका विशिष्ट कोनात सगळ्या थरांवरून परतलेल्या लाटा एकमेकींच्या पावलात पाऊल टाकून चालतात आणि तिथे तीव्रता एकदम वाढते. प्रयोगशाळांत नेहमी वापरतात ते तांब्याचे क्ष-किरण घेतले, म्हणजे १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे, तर ग्राफाइटसाठी हा कोन साडेसव्वीस अंश येतो. थरांमधलं अंतर वाढलं की कोन कमी होतो. अंतर ३.७ झालं तर कोन चोवीसवर येतो.

आता शिखराच्या रुंदीकडे बघा. चळतीत हजारो पापड असतील तर शिखर सुईसारखं टोकदार येतं, कारण कोन जरासा चुकला तरी इतक्या लाटांपैकी काही एकमेकींना मारून टाकतात. पापड चार-पाचच असतील तर तेवढा काटेकोरपणा राहत नाही आणि शिखर पसरतं. रुंदीवरून चळतीची उंची काढायचं सूत्र पॉल शेरर यांनी १९१८ साली दिलं, ते आजही वापरतात. उंचवट्याची रुंदी पाच अंश असेल तर त्या सूत्राने उंची साधारण सोळा अँगस्ट्रॉम येते, म्हणजे चार-पाच थर.

आणि एकच पापड असेल तर? शेजारीच नाही, मग पाऊल कुणाशी जुळवणार? पंचवीस अंशांच्या आसपास शिखर येणारच नाही. उंचवटा दिसतोय याचा अर्थ थर अजून एकमेकांवर बसलेले आहेत. आपल्या भुकटीत सुटे थर असतीलही, पण या उंचवट्याला त्यांच्याबद्दल बोलता येत नाही. तो फक्त चळतीत बसलेल्यांचा साक्षीदार आहे.

ही गोष्ट लोकांना कळायला बराच काळ गेला. काजळी, लाकडी कोळसा, कोक यांना रसायनशास्त्रज्ञ अस्फटिकी कार्बन म्हणत. म्हणजे कसलीच रचना नसलेला. पीटर डेबाय आणि शेरर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्योटिंगेनला भुकटीवर क्ष-किरण पाडायची पद्धत शोधली. त्यांनी १९१७ साली सांगितलं की हा तथाकथित अस्फटिकी कार्बन म्हणजे फार बारीक ग्राफाइटच आहे. अमेरिकेत अल्बर्ट हल त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच पद्धतीशी पोचले होते. ग्राफाइटचे थर सपाट आहेत की किंचित दुमडलेले, यावर मात्र मतभेद होते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विल्यम हेन्री ब्रॅग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुण जे. डी. बर्नाल यांनी १९२४ साली ग्राफाइटच्या एकेका स्फटिकावर काम करून थर सपाट असल्याचं दाखवलं.

‘फार बारीक ग्राफाइट’ हे उत्तर ऐकायला छान वाटतं, पण ते अर्धंच बरोबर होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याला कोलकात्याला जावं लागेल. रायपूर मुंबई–हावडा मार्गावर असल्यामुळे आम्हाला ते एका रात्रीचं अंतर. मुंबई-पुण्याच्या मंडळींना ते दूर वाटतं, आणि म्हणूनच की काय, मराठीत या कामाबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

बोबाजार स्ट्रीटवरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन प्रकाशाच्या विखुरण्यावर काम करत होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच जागेत क्ष-किरणांचंही काम चालू होतं, हे मात्र मागे पडलं. रामन आणि के. आर. रामनाथन यांनी १९२३ साली द्रव आणि अस्फटिकी पदार्थांतून क्ष-किरण गेले की पसरट वलयं का दिसतात, यावर निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे टोकदार रेषा नसतील तर नमुना टाकाऊ, असं न मानता त्या पसरटपणातच माहिती शोधायची. त्या काळात ही दृष्टी सर्वत्र नव्हती.

तिथेच १९२९ च्या सुमारास सी. महादेवन यांनी कोळशातल्या व्हिट्रेनचा, म्हणजे त्यातल्या चकचकीत काळ्या पट्ट्यांचा, क्ष-किरणांनी अभ्यास केला. हे भूविज्ञानाचे गृहस्थ, पुढे आंध्र विद्यापीठात प्राध्यापक झाले. आणि पी. कृष्णमूर्ती यांनी १९३० साली कार्बनच्या बारीक भुकटीतून किरण पाठवले तेव्हा मधल्या मुख्य ठिपक्याभोवती, अगदी लहान कोनांत, एक धूसर प्रभा दिसली. ती अणूंच्या मांडणीमुळे नव्हती, कणांच्या आकारामुळे होती. आज लघुकोन विखुरण्याचं जे मोठं शास्त्र आहे, त्याच्या पहिल्या निरीक्षणांत कृष्णमूर्तींचं नाव घेतलं जातं. ए. गिन्ये यांच्यासारख्या त्या शास्त्राच्या आचार्यांनी ते नोंदवून ठेवलंय. आपण मात्र २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा दिवस साजरा करतो आणि त्याच इमारतीतली शेजारची खोली विसरतो.

एक दशक पुढे जाऊ. त्याच संस्थेत के. एस. कृष्णन आणि एन. गांगुली यांनी १९३९ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की ग्राफाइटमध्ये वीज थरांच्या अंगाने जितकी सहज वाहते, त्या मानाने थरांना आरपार फारच कमी वाहते. म्हणजे विजेच्या दृष्टीने हे थर एकमेकांपासून जवळजवळ सुटेच आहेत. ग्राफीन हा शब्दही तेव्हा कोणाला माहीत नव्हता.

तर आता त्या अर्ध्या उत्तराकडे परत येऊ. अमेरिकेत एमआयटीमध्ये बर्ट्रम वॉरन यांनी १९३४ साली कार्बन ब्लॅकचा अभ्यास केला, टायरमध्ये घालतात ती काळी पूड. त्यांच्या लक्षात आलं की हे नुसतं बारीक ग्राफाइट नव्हे. ग्राफाइटमध्ये वरचा थर खालच्या थरावर ठराविक जागी सरकवून बसवलेला असतो. इथे मात्र थर एकमेकांना समांतर आहेत, पण प्रत्येक जण आपापल्या मर्जीने गोल फिरलेला आहे. घाईत रचलेली पापडांची चळत. समांतर असूनही कुणाचा खळगा कुणाच्या उंचवट्यात बसत नाही, म्हणून अंतरही थोडं जास्त, ३.४४ अँगस्ट्रॉम. वॉरन आणि बिस्को यांनी १९४२ साली या रचनेला टर्बोस्ट्रॅटिक असं नाव दिलं. मी शिकवताना तिला विस्कटलेली चळत म्हणतो.

वॉरन यांनी १९४१ साली याचं गणितही दिलं, आणि आज ज्याकडे कोणी बघत नाही तो त्रेचाळीस अंशांवरचा लहान उंचवटा त्यातून बोलका झाला. हा उंचवटा चळतीतून येत नाही, थराच्या आतल्या षटकोनी जाळीतून येतो. म्हणून एकटा थरही तो देतो. नीट रचलेल्या ग्राफाइटमध्ये त्या भागात दोन वेगळी शिखरं दिसतात, एक साडेबेचाळीसच्या जवळ आणि दुसरं साडेचव्वेचाळीसच्या जवळ. विस्कटलेल्या चळतीत त्यांच्याऐवजी एकच पट्टा दिसतो आणि तो एकांगी असतो : डावीकडून एकदम चढतो आणि उजवीकडे लांब शेपूट टाकत उतरतो. घाटातला रस्ता एका बाजूने सरळ कड्यासारखा चढावा आणि दुसऱ्या बाजूने रमतगमत पठारावर जावा, तसा. थर एकटे आहेत की नाहीत याची चौकशी करायची असेल तर पहिल्यांदा इथे करायला हवी.

आणि ती चौकशी खरोखर आकड्यांपर्यंत नेली रोझलिंड फ्रँकलिन यांनी. त्यांना आपण डीएनएच्या त्या गाजलेल्या छायाचित्रामुळे ओळखतो, पण त्याआधीची त्यांची ओळख कोळशाची होती. दुसऱ्या महायुद्धात त्या ब्रिटनच्या कोळसा संशोधन संस्थेत कोळशातल्या सूक्ष्म छिद्रांवर काम करत होत्या आणि त्यावरच १९४५ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. नंतर १९४७ पासून पॅरिसला जॅक मेरिंग यांच्याकडे क्ष-किरणांचं काम शिकल्या. १९५० साली त्यांनी निबंध प्रसिद्ध केला तो नेमका याच प्रश्नावर : कार्बनच्या पसरट क्ष-किरण आलेखांचा अर्थ कसा लावायचा. एक प्लॅस्टिक, पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड, त्यांनी हजार अंश सेल्सियसला जाळून कार्बन केला, त्याचा आलेख घेतला आणि हिशोब मांडला.

हिशोब असा. एकूण कार्बनपैकी ६५ टक्के अणू सपाट षटकोनी थरांत आहेत. थरांचा व्यास सोळा अँगस्ट्रॉम. उरलेले ३५ टक्के इतके अस्ताव्यस्त की त्यांची वायूसारखी धूसर पार्श्वभूमीच तेवढी दिसते. थरांपैकी ५५ टक्के जोडी-जोडीने समांतर बसलेत, अंतर ३.७ अँगस्ट्रॉम. आणि बाकीचे ४५ टक्के थर कोणाशीच समांतर नाहीत. एकटे.

हे वाचून मी पहिल्यांदा थक्क झालो ते आकड्यामुळे कमी आणि त्यामागच्या शिस्तीमुळे जास्त. संगणक नव्हता. आलेखाची प्रत्येक जागा, पार्श्वभूमीसकट, हिशोबात धरली होती. फक्त उंचवट्याचं टोक कुठे आहे ते पाहून विधान केलं नव्हतं. आपल्या प्रबंधांत उभ्या अक्षावर एकक नसतं, पार्श्वभूमी वजा करून टाकलेली असते आणि आलेख पानात मावेल असा ताणलेला असतो. फ्रँकलिन यांनी ज्या भागातून एकटे थर मोजले, तोच भाग आपण पुसून टाकतो.

पुढच्या वर्षी, १९५१ साली, त्यांनी कार्बनचे दोन स्वभाव सांगितले. एक तापवत गेलं की ग्राफाइट होणारा, दुसरा तीन हजार अंशांपर्यंत तापवला तरी न होणारा. ज्यात हायड्रोजन भरपूर आणि जो तापताना मऊ होतो तो पहिल्या गटात, ज्यात ऑक्सिजन भरपूर तो दुसऱ्या. आम्हा छत्तीसगढवाल्यांना हा फरक रोजच्या जगण्यात भेटतो. कोरब्याचा कोळसा वीज करायला उत्तम, पण त्याचा कोक होत नाही. म्हणून भिलाईच्या झोतभट्ट्यांसाठी कोकचा कोळसा बाहेरून आणावा लागतो. १९५६ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी रायपूरला खाण आणि धातुशास्त्राच्या सरकारी कॉलेजची कोनशिला बसवली, आजचं एनआयटी ते हेच. त्यामागेही हेच लोखंड-कोळशाचं गणित होतं.

ग्राफीनच्या नावाची दुसरी वाट ऑक्सफर्डहून येते. बेंजामिन ब्रोडी यांनी १८५९ साली ग्राफाइटवर पोटॅशियम क्लोरेट आणि नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली आणि फिकट पिवळसर ग्राफाइट ऑक्साइड मिळवलं. हमर्स आणि ऑफमन यांनी १९५८ साली पर्मँगनेटची सोपी कृती दिली, ती आज कुठल्याही एमएस्सीच्या प्रयोगशाळेत चालते. ऑक्साइडमध्ये थर फुगून दूर जातात, अंतर आठ अँगस्ट्रॉमच्या जवळ, शिखर अकरा अंशांवर. मग ऑक्सिजन काढून टाकला की अकराचं शिखर जातं आणि पंचवीसच्या आसपास उंचवटा येतो. प्रबंधातलं ते वाक्य इथून जन्मतं. पण नीट बघा : अकराचं शिखर गेलं म्हणजे ऑक्साइड गेलं, एवढं खरं. पंचवीसचा उंचवटा आला म्हणजे सुटलेले थर पुन्हा एकमेकांवर बसले. जर्मनीत हान्स-पीटर ब्यूम यांनी १९६२ साली अशीच अतिपातळ पानं मिळवली तेव्हा जाडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोजली, त्यांना हे ठाऊक होतं. ग्राफीन हा शब्दही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली सुचवला. गाइम आणि नोवोसेलोव यांची चिकटपट्टी २००४ ची.

आता रायपूरची गोष्ट. आमचा प्रदेश धानाचा कटोरा म्हणतात. भात गिरणीत कांडला की तुसाचे डोंगर उरतात. या तुसापासून ग्राफीन करायची कल्पना आकर्षक आहे, कचऱ्यातून सोनं. काही वर्षांपूर्वी एक संशोधक मुलगी असाच आलेख घेऊन माझ्याकडे आली. शिष्यवृत्तीचे चार महिने उरले होते आणि निबंधाच्या शीर्षकात ग्राफीन लिहून झालं होतं. उंचवट्याचं टोक बावीस-तेवीस अंशांवर होतं. तिच्या गटात सगळ्यांनी तो कार्बनचा धरला होता.

बावीस ऐकलं की माझे कान टवकारतात. भाताच्या रोपाला जमिनीतून सिलिका ओढून घ्यायची सवय असते. तुसाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा राख असते आणि ती बहुतांश सिलिकाच. अस्फटिकी सिलिकाचा पसरट उंचवटा येतो नेमका बावीस अंशांच्या आसपास. काचेच्या पट्टीवर पातळ नमुना पसरून आलेख घेतला तरी त्याच भागात काचेचा उंचवटा डोकावतो. तीन वेगळे चोर आणि एकच मफलर.

मी तिला फार शहाणपणा सांगितला नाही. एवढंच म्हणालो, थोडी भुकटी तोलून मुशीत घाल, उघड्या हवेत सहाशे-सातशे अंशांवर भट्टीत ठेव, कार्बन उडून जाईल, उरेल ते पुन्हा तोल आणि त्याचाही आलेख घे. मुशीत पांढरी राख उरली, वजन मूळच्या निम्म्याच्या आसपास. आणि त्या पांढऱ्या राखेच्या आलेखात तोच उंचवटा, त्याच जागी, होता. कार्बनचा कणही नसताना.

तिने मग उरलेली भुकटी गरम कॉस्टिक सोड्यात धुऊन सिलिका काढली. नव्या आलेखात उंचवटा चोवीसकडे सरकला, बुटका आणि पसरट झाला. त्रेचाळीसचा पट्टा पूर्वी पार्श्वभूमीत बुडालेला, तो वर आला, तीच एकांगी शेपूट घेऊन. आम्ही दोघांनी रुंदी मोजली, चळत सरासरी दोन-तीन थरांची निघाली. तुसात ऑक्सिजन भरपूर, म्हणजे फ्रँकलिन यांच्या दुसऱ्या गटातला कार्बन, कितीही तापवला तरी नीट चळत होणार नाही असा. शीर्षकातून ग्राफीन गेलं आणि ‘तुसापासून सच्छिद्र कार्बन’ असं काहीसं आलं. सोडियमच्या बॅटऱ्यांत असल्याच विस्कटलेल्या कार्बनला मागणी आहे, हे तिला तिच्या परीक्षकाकडून कळलं.

शीर्षकातल्या एका शब्दाने काय बिघडतं, असं कोणी विचारेल. त्या शब्दावर पैसे मोजले जातात. २०१८ साली ‘अ‍ॅडव्हान्स्ड मटेरियल्स’मध्ये एक पाहणी आली. जगभरातल्या ६० उत्पादकांकडून ग्राफीन म्हणून विकत घेतलेले नमुने तपासले होते. बहुतेकांत खरं ग्राफीन दहा टक्क्यांहून कमी, बाकी सगळी बारीक दळलेल्या ग्राफाइटची पूड. एखाद्या लहान कारखानदाराने रंगात किंवा सिमेंटमध्ये घालायला ती महाग भुकटी घेतली, फरक पडला नाही, तर तो पुन्हा कुठल्या विद्यापीठाच्या दारात उभा राहील?

मग थर मोजायचे कशाने? जाडीसाठी अणुबल सूक्ष्मदर्शक आहे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. पण सगळ्यांत सोयीचं, भारतातल्या पुष्कळ विद्यापीठांत असलेलं यंत्र म्हणजे रामन वर्णपटमापक. २००६ साली आंद्रेया फेरारी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नीट सोललेल्या ग्राफीनच्या रामन वर्णपटातल्या एका पट्ट्याच्या आकारावरून एक थर, दोन थर आणि पुष्कळ थर यांत फरक करता येतो. तुसाच्या कार्बनसारख्या अस्ताव्यस्त पदार्थात तो पट्टा इतका पसरतो की तिथे हा उपाय जपूनच वापरावा लागतो. म्हणून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नमुन्याचे आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवतो : एक कृष्णमूर्तींच्या खोलीतला, एक रामनांच्या. पुढच्या भागात दुसरा कागद उघडू.